दोन वर्षांच्या मुलाला घेऊन उन्हाळ्यात कुठे जावे, कसे जावे

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा दुपारी चाळिशीला टेकतो आणि त्याच महिन्यांत घरातल्या लहानग्याला चार भिंतींत थोपवणे सर्वांत अवघड जाते. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला सहल म्हणजे काय हे कळत नाही. त्याला भूक कळते, झोप कळते, आणि आपण कोणाच्या कडेवर आहोत हे कळते. म्हणून आधी ठिकाण ठरवून मग वेळ बसवण्याऐवजी मुलाची दुपारची झोप किती वाजता असते ते पाहावे आणि तिथून उलटे मोजत यावे. मूल बाराला झोपत असेल तर साडेदहाला ते घरी असायला हवे, म्हणजे अंघोळ आणि वरणभात निवांत होतो. उन्हे साडेनवाच्या सुमारास टोचू लागतात. मे महिन्यात पुण्यात सहाच्या आसपास उजाडते, तेव्हा साडेसहाला घर सोडले तर दोन-अडीच तास हाताशी येतात, आणि या वयाला तेवढे भरपूर होतात.

आमच्या पहिल्या सहलीच्या वेळी हे हिशेब मला ठाऊक नव्हते. सगळी आवराआवर करून आम्ही अकरा वाजता एका बागेत पोहोचलो, मुलगी धावत जाऊन घसरगुंडीवर बसली आणि तापलेल्या पत्र्याने तिच्या मांड्या लाल झाल्या. तेव्हापासून घसरगुंडी, झोका किंवा सिमेंटचा बाक असो, मी आधी माझा तळहात त्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजेपर्यंत टेकवते. हात ठेववत नसेल तर मुलाला तिथे बसवत नाही.

सकाळच्या वेळेसाठी माझी पहिली पसंती रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनला आहे, आणि तिचे कारण तिथली जुनी, उंच झाडे हे आहे. माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेल्या दिसतात आणि त्यांच्याखाली सावली इतकी दाट असते की उन्हाचे कवडसे मोजता येतात. मोठ्या माणसाला अशा बागेत फेरी मारावीशी वाटते. मुलाला मात्र दहा पावलांवरच सगळे सापडते. मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या हातून ज्वारीची एक लाही खाली पडली, ती मुंगळ्यांनी उचलली, आणि उकिडवी बसून ती लाही मुळाच्या खाचेपर्यंत जाताना तिने पाहिली. लाही दोनदा उलटली, एकदा पानाखाली अडकली, आणि प्रत्येक वेळी तिने माझे बोट घट्ट धरले. अशा वेळी ‘चल, पुढे झोपाळा आहे’ असे म्हणून तिला उठवू नये. एका सकाळी एकच ठिकाण घ्यावे आणि तिथलेही सगळे पाहण्याचा अट्टहास सोडावा.

शहराच्या मध्यात राहणाऱ्यांना सारसबाग सोयीची आहे. पहाटेची हिरवळ अनवाणी चालायला उत्तम असते आणि तळ्यातल्या गणपतीच्या दर्शनाला पायऱ्या थोड्याच चढाव्या लागतात. शेजारच्या पेशवे उद्यानातील फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून पुण्याच्या मुलांना फिरवत आली आहे. ती कधी सुटते याची चौकशी मात्र आधी करून ठेवावी, कारण बंद गाडीपुढे उभ्या असलेल्या मुलाची समजूत घालणे कठीण जाते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान देखणे आहे, पण तिथला बराच भाग उघडा असल्याने उन्हाळ्यात तिथे संध्याकाळीच जावे.

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा हट्ट प्रत्येक घरी होतो. बुधवारी ते बंद असते आणि इतर दिवशी ऊन चढू लागल्यावर उघडते, शिवाय परिसर मोठा आहे. तिथे चारच्या सुमारास जावे; दुपारभर सावलीत पडून राहिलेले प्राणी तेव्हा हलू-फिरू लागतात. हत्ती आणि हरणे एवढेच पाहून परत फिरले तरी मुलाच्या दृष्टीने काही राहून जात नाही.

भर दुपारी बाहेर पडणे भागच असेल तर छप्पर शोधावे. कोथरूडमधील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात चालत्या गाड्यांचा जो खेळ दाखवतात, त्यावर या वयाची मुले खिळून राहतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोर आणि हत्ती घडवलेले दिवे शोधायला सांगितले की अर्धा तास सहज जातो; दिनकर केळकरांनी हा संग्रह अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने उभा केला, हे मुलाचा हात धरून त्या दालनांतून चालताना मला दर वेळी आठवते.

शहराबाहेर जायचे झाल्यास सातारा रस्त्यावरील नसरापूरचे बनेश्वर मला योग्य वाटते, कारण गाडीतला वेळ साधारण तासाभराचा आहे, देवळाभोवती झाडी आहे, आणि वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा मुलाला दाखवता येते. तिथल्या धबधब्याची आशा मात्र मे महिन्यात धरू नये. खडकवासला-पानशेतच्या बाजूला गेल्यास काठावरूनच पाणी पाहावे. घोट्याएवढ्याच दिसणाऱ्या पाण्याखाली तळ एकाएकी खोल जातो.

पुण्यात पुष्कळ घरे दुचाकीवरूनच बाहेर पडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि नऊ महिन्यांपुढील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि त्या वेळी वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. मुलाला पुढे उभे करून नेण्याची आपली जुनी सवय या नियमात बसत नाही, आणि बसू नयेच. चारचाकी असेल तर ‘दोन मिनिटांत येते’ म्हणूनही मुलाला बंद गाडीत ठेवू नये. उन्हातल्या गाडीचे तापमान वीस मिनिटांत सुमारे पंधरा अंशांनी वाढते, आणि काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. बाबागाडीवर पातळ ओढणी टाकून सावली केली तरी आतली हवा कोंडून तापते. त्याऐवजी छत्री धरावी.

पिशवीत फार काही लागत नाही. सुती झबले, रुंद काठाची टोपी, डायपर आणि एक मोठा पंचा असावा. तो ओला करून मानेवर ठेवता येतो, गवतावर अंथरता येतो आणि आडोसाही होतो. खाऊ म्हणून दशमी, मऊ घडीची पोळी, राजगिऱ्याची वडी आणि घरी चिरलेले कलिंगड न्यावे. द्राक्षे उभी चिरूनच द्यावीत; शेंगदाणे, फुटाणे आणि बिया असलेली जांभळे या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून ती घरीच ठेवावीत. दूध उन्हात नासते, पातळ ताकही थंड पिशवीशिवाय फार वेळ टिकत नाही. पाणी मात्र मागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाजावे, कारण खेळात रमलेले मूल तहान सांगत नाही. समोर फोडलेले शहाळे मिळाले तर त्यासारखे दुसरे काही नाही. ओआरएसची एक लिटरची पुडी जवळ असावी, पण ती पुरती एक लिटर पाण्यातच विरघळवावी आणि उरलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. अर्ध्या पेल्यात अंदाजाने मिसळलेली पुडी बाधते. बाटलीतली गोड पेये तिची जागा घेऊ शकत नाहीत.

मूल अचानक गप्प झाले, अंग तापले, ओठ सुकले किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर सहल तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा. एरवी नुसते चिडचिडे झाले तर कंटाळा किंवा झोप समजावी आणि परतीची वाट धरावी. मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो. ढग गडगडू लागले की झाडाखालून उठून पक्क्या छपराखाली जावे. घरी परतल्यावर थंडगार पाणी एकदम अंगावर ओतू नये, कोमट पाण्याने अंघोळ घालावी, घामोळ्याच्या जागा नीट पुसाव्यात आणि पावडर थापू नये. त्यानंतरची दुपार मुलाच्या झोपेसाठी पूर्ण मोकळी ठेवावी. त्या दिवशी पाहुण्यांना चहाला बोलावायचेच असेल तर पाचनंतरची वेळ द्यावी.