कांदा साठवणुकीवरचं संशोधन नकाशावर कसं शोधावं

साठवलेला कांदा का सडतो, कोंब का धरतो आणि त्यावर आजवर कोणी काय उपाय शोधले, हे लासलगावच्या व्यापाऱ्यालाही हवं असतं आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्यालाही. गुगल स्कॉलरवर शोधलं की हजारो शोधनिबंधांची यादी येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानाला माणूस थकतो. शिवाय कोणता निबंध कोणाच्या जवळचा, हे यादीत कळत नाही. ते चित्रातून दाखवणारी साधनं आता उपलब्ध आहेत, बरीचशी फुकट. आपल्याकडच्या संशोधकांनी आणि उद्योजकांनी ती हक्कानं वापरावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा एकच विषय धरून सगळी वाट चालून पाहू.

१. आधी शोधशब्द ठरवा. ही साधनं मुख्यतः इंग्रजी निबंधांवर चालतात, त्यामुळे शब्द इंग्रजीतच टाकावे लागतात. नुसतं ‘ऑनियन’ टाकलंत तर संगणक-जाळ्यातल्या ‘ऑनियन राउटिंग’चे निबंधही मध्ये घुसू शकतात. सोबत ‘अ‍ॅलियम सेपा’ हे शास्त्रीय नाव द्या. प्रश्नाचेही तुकडे पाडा: कोंब येणं, सड, वजनातली घट. प्रत्येक तुकड्याचा शोध वेगळा घ्या.

२. विषयाचा परिसर पाहा. व्हिएन्नातल्या ना-नफा संस्थेचं ‘ओपन नॉलेज मॅप्स’ उघडा. तिथे निबंधांचे दोन साठे दिसतील. पबमेड वैद्यक आणि जीवशास्त्राकडे झुकलेलं आहे, तर ‘बेस’ हा जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाचा सर्व विषयांचा साठा आहे. शेतीसाठी ‘बेस’ घ्या. साधारण १०० निबंध निवडून त्यांचे फुगे केले जातात. मिळतेजुळते निबंध एका फुग्यात पडतात. फुग्यांची नावं यंत्र देतं, ती कधीकधी विचित्र असतात, म्हणून नावावर न जाता आतले दोन-तीन सारांश वाचा.

गट पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कमी मात्रेच्या गॅमा विकिरणानं कोंब थांबतो, सड थांबत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं लासलगावला उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र कोंबाच्या बाजूचं उत्तर आहे. सड आणणाऱ्या काळ्या बुरशीवरचं काम शोधायचं तर दुसऱ्या फुग्यात डोकवायला हवं. चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, बांधणाऱ्याला दोन्ही लागतात.

३. एक चांगला निबंध धरून त्याची भावकी शोधा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘कनेक्टेड पेपर्स’ या संकेतस्थळावर एका निबंधाचं शीर्षक किंवा डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक) टाकायचा. सुरुवातीला भरपूर संदर्भ असलेला आढावा-निबंध निवडा. अगदी कालपरवाचा, मोजके संदर्भ असलेला निबंध घेतला तर नकाशा विरळ आणि भरकटलेला येतो.

आलेख उभा राहतो तो थेट उल्लेखांवर नाही. दोन निबंधांच्या संदर्भसूचीत तेच ते संदर्भ असतील, किंवा नंतरचे लेखक त्या दोघांचा वारंवार एकत्र उल्लेख करत असतील, तर ते जवळ येतात. पहिली कल्पना केसलर यांनी १९६३ मध्ये मांडली, दुसरी हेन्री स्मॉल यांनी १९७३ मध्ये. दोन घरांना सारख्याच लग्नांच्या पत्रिका येत असतील तर ती एकाच गोतावळ्यातली समजावीत, तसंच हे. म्हणून एकमेकांचा उल्लेखही न केलेले दोन निबंध शेजारी दिसू शकतात.

वर्तुळ मोठं म्हणजे उल्लेख जास्त, रंग गडद म्हणजे निबंध नवा. मोठ्या वर्तुळांना भुलू नका, ती बहुधा जुन्या निबंधांची असतात. लहान पण गडद वर्तुळं आवर्जून उघडा. मग या गटातले सगळे ज्यांचा आधार घेतात ते जुने निबंध आणि या गटावर पुढे झालेलं काम, अशा दोन वेगळ्या याद्या पाहा. फुकट खात्यात आलेखांची संख्या मर्यादित असते, म्हणून मिळालेली यादी झोटेरोसारख्या संदर्भ-साधनात लगेच उतरवून घ्या.

४. शेकडो निबंध जमले असतील तरच लायडन विद्यापीठाचं ‘व्हीओएसव्ह्यूअर’ हे सॉफ्टवेअर वापरा. सारांशांतले शब्द किती वेळा एकत्र येतात, याचा नकाशा ते काढतं. एकाच अर्थाचे वेगवेगळे शब्द आधी एकत्र करा, नाहीतर एकच संकल्पना दोनदा दिसते.

५. धंद्यासाठी पेटंट पाहा. ‘द लेन्स’ या संकेतस्थळावर पेटंट आणि निबंध दोन्ही शोधता येतात आणि वर्षवार, अर्जदारवार आलेख निघतात. आलेख शेवटी खाली घसरलेला दिसला तर विषय थंडावला असं मानू नका. पेटंट अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे ताजे अर्ज त्यात नसतातच. पेटंट ज्या देशात मंजूर झालं तिथेच लागू होतं, म्हणून भारतातली स्थिती भारतीय पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या शोध-सुविधेवर तपासा आणि गुंतवणुकीआधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्या.

मागणीचा अंदाज, लोक गुगलवर काय शोधतात ते दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सवर येतो. तिथला १०० हा आकडा म्हणजे त्या काळातला उच्चांक, शोधांची संख्या नव्हे. ‘कांदा चाळ’ देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही टाकून तुलना करा.

६. नकाशाबाहेरचं शोधा. साठ्यात जे नाही ते नकाशात येत नाही. मराठी नियतकालिकांतले लेख, विद्यापीठांचे छापील अहवाल, शेतकऱ्यांच्या चाळींवरच्या चाचण्या यांतलं बरंच काही तिथे सापडणार नाही. भारतीय प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ वेगळी पाहा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेची प्रकाशनं पाहा. जमल्यास राहुरीच्या ग्रंथालयात जाऊन जुने अहवाल चाळा. तिथे मिळालेल्या प्रत्येक प्रबंधाची संदर्भसूची तपासा आणि त्यातला एखादा इंग्रजी निबंध घेऊन तिसरी पायरी पुन्हा करा. या वेळी आलेख वेगळा येईल.