बागेतल्या हौसेच्या वस्तू चार दिवसांत का उतरतात? या चुका टाळा

माझी पहिली कलाकृती म्हणजे पत्र्याच्या डब्याचं घुबड. बाटल्यांच्या बुचांचे डोळे, जुन्या चमच्यांचे पंख, सगळं ग्लू गनने चिकटवलेलं, आणि संध्याकाळी कुंपणाला टांगलं तेव्हा इतकं भारी दिसत होतं की मी चार जणांना फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर एक डोळा गालावर ओघळलेला आणि दोन्ही पंख खाली मातीत. आता ग्लू गनचा गम गरम करूनच वितळवतात, मग तापलेल्या पत्र्यावर तो मऊ पडणारच ना, पण हे सुचलं नाही कारण घुबड बनवलं घरात टेबलावर बसून आणि टेबलावर ते एकदम टकाटक होतं.

बहुतेकांचं इथेच चुकतं. वस्तू बनवतो शोकेससाठी आणि ठेवतो उन्हापावसात.

पत्रा, दगड, काच यांना दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी किंवा एमसील वापरा, आणि त्याआधी जागा पॉलिश पेपरने खरखरीत करून कोरड्या फडक्याने पुसून घ्या, गुळगुळीत पत्र्यावर काहीच धरत नाही. जड भाग असेल तर सरळ भोकं पाडून तारेने बांधा. लाकडाचा पांढरा गम, पीओपी, कागदाचा लगदा, मीठ-मैद्याच्या बाहुल्या हे सगळं घरातलं काम आहे, बाहेर पाणी लागलं की संपलं. मैद्याच्या बाहुल्यांना तर पाण्याच्या आधी मुंग्या लागतात.

सगळ्यात जास्त रडारड रंगवलेल्या मातीच्या कुंड्यांची असते. महागातला रंग आणला, दोन हात मारले, आणि महिनाभरात फोड येऊन पोपडे निघायला लागले, मग लोक रंगाला शिव्या देतात. रंगाचा दोष नसतो हो. मातीची कुंडी पाणी पिते, आपण झाडाला घातलेलं पाणी आतून भिंतीत मुरतं आणि बाहेर पडायला बघतं, बाहेरून तुम्ही रंगाने दार बंद केलेलं, मग ते पाणी रंगालाच ढकलून बाहेर येणार, सोबत क्षारांची पांढरी पूडही आणणार. म्हणून आधी कुंडी आतून सीलर (पाणी मुरू न देणारा लेप) लावून बंद करा, दोन हात, मध्ये पूर्ण वाळू द्या, फक्त तळाचं भोक बुजवू नका. एवढा व्याप नको असेल तर झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत लावा आणि ती रंगीत कुंडीच्या आत ठेवा. पोपडे ऑलरेडी आले असतील तर वरून परत रंग मारू नका, तोही त्यांच्याबरोबरच निघेल. माती काढा, कुंडी चांगले काही दिवस वाळवा, खरवडा आणि मग पहिल्यापासून.

पत्र्याच्या डब्याला आधी मेटल प्रायमर, मग ऑइल पेंट, आणि कापलेल्या कडा विसरू नका, गंज तिथूनच चढतो. पोस्टर कलरने रंगवलेले दगड पहिल्या पावसात धुऊन निघतात.

आता किटली, कप, जुने बूट यांच्यात लावलेली झाडं. दिसतात गोड, मरतात लवकर, कारण खाली भोक नसतं. "आम्ही तळाला खडी घातलीये" असं म्हणतात, पण खडीने पाणी बाहेर जात नाही, ते आतच साठतं आणि मुळं सडतात. भोक पाडाच. डब्याला आतून लाकडाचा ठोकळा धरून बाहेरून खिळा ठोका म्हणजे तळ चेपणार नाही. कपाला चिकटपट्टी लावून टाइल्सच्या बिटने, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून, थोडं थोडं पाणी टाकत हळूहळू. आणि नुसत्या शोभेच्या वाट्या, शिंपले, बुचं सगळं उपडं ठेवा, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला बूचभर पाणीही पुरतं आणि उबदार हवेत साधारण 7 ते 10 दिवसांत अंड्याचा डास होतो.

सिमेंटच्या अळंब्या करत असाल तर हातमोजे घाला आणि निदान 7 दिवस ओल्या पोत्याखाली ठेवा, घाई केली की तडे. काचेचा गोळा किंवा पाण्याने भरलेली गोल बाटली सुक्या पाल्याजवळ नको, उन्हात ते भिंगच होतं.

वस्तूंच्या गर्दीबद्दल बोललंच पाहिजे. चंदीगडचं रॉक गार्डन नेक चंद यांनी टाकाऊ मालातूनच उभं केलं, गुपचूप काम चालू होतं, 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे फुटक्या बांगड्यांचे पुतळे रांगेने उभे आहेत, एकच वस्तू परत परत येते म्हणून ती भंगार वाटत नाही. आपण मात्र एका कोपऱ्यात बेडूक, पवनचक्की, बुटक्याचा पुतळा, टायरचा हंस आणि लाइटची माळ असं सगळं कोंबतो आणि मग झाडं शोधावी लागतात. एका नजरेत एकच गंमत ठेवा. माझं मत विचाराल तर टायरचा हंस नकोच.

टांगायच्या वस्तूंना सुती दोरा नको, कुजतो. पण तारही सरळ फांदीला गुंडाळू नका. मी विंड चाइम तसाच टांगला होता आणि विसरून गेले, फांदी जाड होत गेली आणि तार सालीत रुतली, पुढची पानं पिवळी पडली तेव्हा लक्षात आलं. आता रुंद पट्टा सैल बांधते आणि दर काही महिन्यांनी जागा बदलते, ती जुनी खाच मात्र अजून दिसते.