चॅनलवर नट सारखा ढिला होतोय? टेपर वॉशर लावून बघा

रबाळे एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये ब्लोअरचं ब्रॅकेट चॅनलच्या (C आकाराच्या लोखंडी सेक्शनच्या) फ्लँजला, म्हणजे कडेच्या पट्टीला, बोल्टने लावलंय, त्याचे नट सारखे ढिले व्हायचे. फॅब्रिकेटरचा पोरगा यायचा, पाना मारून आवळायचा नि जायचा, स्प्रिंग वॉशर पण टाकून झाले. शेवटी मीच टॉर्च मारून बघितलं तर नट एकाच कडेवर टेकलेला, दुसऱ्या बाजूला चक्क फट! कारण आयएसएमसी (भारतीय मानकाच्या मध्यम वजनाच्या) चॅनलची फ्लँज आतून सपाट नसतेच, ६ अंशांचा उतार असतो, आयएसएमबी म्हणजे I आकाराच्या बीमला तर ८, मग कितीही आवळा, बोल्ट वाकणार आणि थरथरीने नट सुटणारच ना.

यावर चौकोनी टेपर वॉशर मिळतो, एक कड जाड एक पातळ. चॅनलचा वेगळा, बीमचा वेगळा, दुकानात तसं सांगूनच मागा. जाड कड फ्लँजच्या टोकाकडे ठेवायची, कारण तिथे फ्लँज पातळ होत जाते, उलटा बसवला तर उतार अजून वाढतो. आवळताना वॉशर फिरू द्यायचा नाही. वाकलेले बोल्ट मी भंगारात टाकले, नवे ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे घातले. वेल्डिंगचा थर देऊन लेव्हल करतो म्हणणारे पण भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.