रँडच्या आधीचे पुणे: प्लेगच्या पाठासाठी अस्सल कागद ऑनलाइन कसे शोधावेत

'इतिहासाची प्राथमिक साधने' असे गूगलवर टाकले की साधने मिळत नाहीत, साधनांच्या व्याख्या मिळतात. शोध विषयाच्या नावाने घेऊ नये, कागद कोणी लिहिला असेल त्याच्या मागावर जावे. उदाहरणादाखल १८९७ चा पुण्यातला प्लेग घेऊ. शालेय पुस्तकात चापेकर बंधू आणि प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याचा वध येतो, पण शहर इतके का चिडले होते हे मुलांना त्यातून उमगत नाही.

१. आधी संगणक बंद ठेवून यादी करा. तेव्हा हे कोणी लिहून किंवा टिपून ठेवले असेल? कायदा करणारे सरकार, घरे तपासणारी प्लेग कमिटी, तिचा फोटोग्राफर, वर्तमानपत्रे, आणि ज्यांच्या घरात सोल्जर शिरले ती माणसे. शेवटच्यांचे कागद सगळ्यांत कमी सापडतील. हे वर्गात लपवू नका, तो पाठाचाच भाग आहे.

२. शब्द त्या काळाचे वापरा. रोमन लिपीत 'पुणे' नव्हे, 'पूना' टाइप करा. मुंबईसाठी 'बॉम्बे', ठाण्यासाठी जुन्या कागदांत 'टाना'ही येते. 'क्वारंटाइन'बरोबर 'सेग्रिगेशन कॅम्प' हेही टाकून बघा. मराठीत शोधताना 'पुणें', 'नाहीं', 'कांहीं' असे जुने अनुस्वार देऊन पाहा. तरीही मराठी स्कॅनमधला मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही. शोधात शून्य आले म्हणजे पुस्तकात काही नाही, असे समजू नका. अनुक्रमणिका उघडून पाने चाळा.

३. एका वेळी एकच दार उघडा. कायद्यापासून सुरुवात करणे सोपे. १८९७ चा साथरोग कायदा सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर आहे. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. त्यातले चौथे कलम वर्गात मोठ्याने वाचावे: या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. दारात सोल्जर उभा आणि दाद मागायला जागा नाही, हे आठवीतल्या मुलालाही पटकन कळते.

इथे एक खड्डा आहे. इंडिया कोडवर आजचा सुधारित मजकूर दिसतो. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांबाबतचा भाग कोविडच्या वेळी, २०२० मध्ये घातला आहे. तळटीपा वाचून नंतरची भर काढून टाका, नाहीतर १८९७ च्या नावाखाली २०२० शिकवले जाईल.

फोटोंसाठी लंडनचे 'वेलकम कलेक्शन'. मुंबईच्या प्लेग कमिटीच्या कामाचे १८९६-९७ चे फोटो तिथे मोफत पाहता व उतरवता येतात: घरे धुणारे पंप, इस्पितळे, छावण्या. प्रत्येक चित्राखालचा वापराचा परवाना वाचा. हे फोटो मुंबईचे आहेत, पुण्याचे म्हणून दाखवू नका. शिवाय ते कमिटीचे काम दाखवण्यासाठी काढलेले आहेत. 'कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे?' हा एक प्रश्न पुरेसा होतो.

सरकारी अहवालांसाठी 'नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड'चा ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचा संग्रह बघा. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर मोफत नोंदणी करून गृह खात्याच्या 'सॅनिटरी (प्लेग)' शाखेच्या फायली शोधा. फाइलचे नाव दिसले म्हणजे स्कॅन आहेच असे नाही. पाठाचा दिवस ठरवण्याआधी फाइल उघडते का ते पाहा.

'इंटरनेट अर्काइव्ह'वर साधा शोध फक्त शीर्षक, लेखक अशा पुस्तकाच्या नोंदीत होतो. पुस्तकाच्या आतला मजकूर हवा असेल तर शोधखिडकीजवळ तसा पर्याय निवडावा लागतो. जुन्या मराठी पुस्तकांची शीर्षके तिथे रोमन लिपीत, वाटेल तशा स्पेलिंगने चढवलेली आहेत. 'इतिहास'ची दोन-तीन रूपे करून बघा. दिलेल्या सालावर तर अजिबात विसंबू नका.

४. साल स्वतः ताडून बघा. मुखपृष्ठाचे पान उघडा. शके दिले असेल तर ७८ मिळवा: शके १८१९ म्हणजे १८९७. मात्र वर्ष चैत्रात बदलते, म्हणून जानेवारी ते फाल्गुन या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला रंगीत 'जुना' फोटो गूगल लेन्समध्ये टाका. मूळ संग्रहाचे पान सापडले नाही तर तो वापरू नका, कितीही झकास असला तरी.

५. कात्री लावा. बहुतेक पाठ इथेच बिघडतात: चाळीस पानांची पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकली जाते आणि कोणीच वाचत नाही. ३५ मिनिटांच्या तासिकेला एक फोटो आणि ६० ते ८० शब्दांचा एक उतारा भरपूर. इंग्रजी उताऱ्याचे मराठी तुम्ही करा, पण मूळ पानाचे चित्र शेजारी ठेवा. गाळलेल्या जागी टिंबे द्या. चार-पाच अवघड शब्दांचे अर्थ खाली आणि तीनच प्रश्न: कोणी लिहिले, कोणासाठी, आणि यात कोणाचा आवाज नाही?

कागदाच्या तळाशी संग्रहाचे नाव, शीर्षक, साल, पान आणि दुवा लिहा. पान छापील पुस्तकातले द्यावे. पीडीएफचा आकडा प्रस्तावनेमुळे दहा-वीसने पुढे असतो. फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा आणि फोटोची झेरॉक्स आधी एकच काढून बघा, कारण करडे फोटो झेरॉक्समध्ये काळेठिक्कर होतात. तसे झाले तर उजळपणा वाढवून पुन्हा छापा, किंवा फोटो प्रोजेक्टरवर दाखवून उतारा तेवढा वाटा.