घरच्या ऐरणीसाठी लोखंड निवडताना

खुरपी-विळे शेवटायला, म्हणजे तापवून-ठोकून धार काढायला, घरी ऐरण करायची, तर जालना किंवा वाळूजच्या भंगारात आधी ट्रकचा जुना एक्सल शोधा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ठोकळा स्वस्त पडतो, पण घणाखाली त्याच्या कडा उडतात, नकोच तो. पारख सोपी: बेअरिंगची गोळी हातभर उंचीवरून सोडा. अर्ध्याच्या वर उसळली तर माल कडक, थप्पकन बसली तर मऊ. गॉगल लावून ग्राइंडरही टेकवा. ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या की कार्बन चांगला, बिडाच्या मात्र तांबड्या आणि आखूड. तुकडा आडवा न ठेवता ओंडक्यात उभा पुरा, सगळं वजन घावाखाली येतं. रुळाचा तुकडाही उत्तमच, पण पक्क्या पावतीशिवाय घेऊ नका. रेल्वेच्या मालाबाबत १९६६चा कायदा कडक आहे.