वंशावळ काढायचीय? आधी माळ्यावरची भांडी उतरवा

घराण्याची माहिती काढायची म्हटलं की बरेच जण पहिल्यांदा मोबाईलवर झाड बनवायचं ॲप घेतात, चार पिढ्या भरतात आणि पणजोबांच्या वडिलांपाशी अडकले की सोडून देतात. तसं करू नका. सुरुवात घरातनंच करा. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरवा, लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीखसुद्धा कोरलेली असते. मला आजीच्या मामाचं नाव एका घंगाळ्यावर मिळालं, ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. तशाच जुन्या लग्नपत्रिका शोधा, त्यात आजोबा, काका, मामा सगळे नावागावानिशी छापलेले असतात.

मग म्हाताऱ्या माणसांकडे जा, आणि हे खरंच उद्यावर टाकू नका, कागद दहा वर्षांनी पण मिळेल, माणूस नाही मिळणार. फोनचं रेकॉर्डिंग चालू करायचं, त्यांना सांगून, आणि बोलू द्यायचं. "आपला इतिहास सांगा" म्हटलं की गप्प बसतात, त्याऐवजी "तुमच्या लग्नात कोण कोण आलेलं, वरात कुठल्या गावाहून आली" असं विचारा. साल विचारून उपयोग नसतो, पण कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता, बहात्तरच्या दुष्काळात मोठा मुलगा शाळेत जात होता का, असं विचारलं की वय बरोबर लागतं. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, त्यावरून मागेपुढे मोजायचं. आणि प्रत्येक बाईचं माहेर, माहेरचं आडनाव, लग्नाआधीचं नाव विचाराच, कारण आपल्या बहुतेक वंशावळींत बाप-मुलगा-नातू एवढंच असतं आणि बायका कुठेच नसतात, मला ते फार लागतं.

आता कागद. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांची नोंद मिळू शकते, फक्त जन्मतारीख १ जून दिसली तर त्यावर विश्वास ठेवू नका, गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजे टाकलेली असते. तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ मागा, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. पाने जीर्ण असतात, हळू उलटा.

पण माझ्या मते सगळ्यात भारी कागद म्हणजे वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढल्याची नोंद. नुसता सातबारा काढून थांबू नका, त्यावर जे फेरफार नंबर असतात ते एकेक करून मागे मागे काढत जा. खातेदार वारला की त्याचे वारस लिहिले जायचे, नाव, नातं, बऱ्याचदा वय, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं पण दिसायला लागतात. बऱ्याच गावांचे जुने फेरफार स्कॅन झालेत, सरकारच्या आपले अभिलेख साईटवर फी भरून घरबसल्या मिळतात. वाचताना काही शब्द माहीत पाहिजेत: "बिन" किंवा "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको, अ.पा.क. म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचा पालनकर्ता, आणि ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ए.कु.मॅ. दिसलं तर समजायचं की मागे अजून भाऊ आहेत, त्यांची नावं वेगळी शोधायची. फार जुन्या कागदात आडनावच नसतं, नुसतं "रामजी बिन सखोजी", तिथे गाव आणि जमिनीचा नंबर धरूनच पुढे जावं लागतं.

त्याच्या मागे गेलात की मोडी लिपी लागते. घाबरू नका, सगळा कागद वाचायची गरज नसते, आधी आपलं आडनाव आणि गाव मोडीत कसं दिसतं तेवढं शिका आणि ते पानावर शोधत बसा. मराठवाड्यातले असाल तर जुने कागद उर्दूत आणि साल फसली (निजामाच्या काळातलं महसुली साल) असतं, इसवी सन काढायला त्यात साधारण ५९० मिळवायचे, शकात ७८.

आणि तीर्थक्षेत्रं. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला, पंढरपूरला उपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात, जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, चार ठिकाणी विचारलं की आपले उपाध्ये कोण ते कळतं. मूळ गाव मात्र पक्कं पाहिजे, आत्ता राहता ते नाही. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे हेळवी येतात, त्यांच्याकडे घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, ते गावात आले की घरी बोलवा, ऐका, आणि दक्षिणा मनापासून द्या, पिढ्यानपिढ्या सांभाळलंय त्यांनी.

प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं ते लिहून ठेवा, फेरफार नंबर असेल नाहीतर "आत्याने सांगितलं" असेल. दोन ठिकाणी दोन नावं आली तर एक खोडू नका, दोन्ही ठेवा. आमच्या पणजीचं नाव घरात सगळे लक्ष्मी सांगायचे आणि फेरफारात चंद्रा कोम असं होतं, मी वर्षभर त्या दोन वेगळ्या बायका समजत होते. लक्ष्मी हे लग्नात ठेवलेलं नाव, चंद्रा माहेरचं, हे शेवटी तिच्या भावाच्या नातीने सांगितलं. आता आमच्या वहीत दोन्ही नावं आहेत.