पडलेलं ड्रोन, तिरका समुद्र: स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीची तयारी

दापोलीजवळच्या मुरूडला, एका प्री-वेडिंग शूटमध्ये, माझं डीजेआयचं मिनी २ ड्रोन नारळाच्या झावळीत शिरलं आणि तिथून ओल्या वाळूवर आपटलं. चूक माझीच. स्क्रीनवर नवरा-नवरी बघत बसलो, पाठीमागे माड किती जवळ आलाय ते बघितलंच नाही. एक पातं तुटलं होतं, बाकी सगळं शाबूत वाटलं. पातं बदललं आणि पाच मिनिटांत पुन्हा उडवलं. संध्याकाळी लॅपटॉपवर क्लिप लावली तेव्हा नवरीचे काका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "समुद्र डावीकडून सांडतोय की हो."

त्यानंतर मी केलं ते सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी कॅलिब्रेशन (म्हणजे सरळ कशाला म्हणायचं हे ड्रोनला अ‍ॅपमधून पुन्हा शिकवणं), ते सात-आठ वेळा, मग उघडाउघड आणि शेवटी तपासणी. तोच क्रम सुलटा करून इथे लिहितोय.

ड्रोन पडलं की पहिलं काम म्हणजे ते बंद करणं. पडल्यावर गिंबल (कॅमेरा सरळ धरून ठेवणारी, मोटरवर फिरणारी मान) थरथरत असेल, कॅमेऱ्याची मान एका बाजूला लटकली असेल, तर मोटर कॅमेरा सरळ करायला जीव तोडून जोर लावत असते आणि तापते. बॅटरी काढा आणि सपाट फरशीवर ठेवून बघा. जराशी फुगलेली असेल, डुगडुगत असेल, तर ती ना चार्जरला लावायची, ना "एकच चक्कर" म्हणून परत घालायची. घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायची. मेमरी कार्ड काढून शेवटची क्लिप कॉपी करून ठेवा. क्षितिज धडकेच्या आधीपासूनच किंचित कललेलं होतं का, हे त्या क्लिपमध्येच कळतं. माझ्या क्लिपमध्ये ते अगदी सरळ होतं, म्हणजे दोष झावळीकडेच जात होता.

वाळू गेली असेल तर फोटोवाले लेन्ससाठी वापरतात तो रबरी फुगा घ्या. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर नकोच, त्या दाबाने कण बाहेर येण्याऐवजी मोटरच्या आत जाऊन बसतात. पातं बोटाने सावकाश फिरवा. कानाला कचकच लागली तर वाळू अजून आहे.

आता अ‍ॅपकडे. डीजेआय फ्लायमध्ये गिंबल मोड दोन असतात, फॉलो आणि एफपीव्ही. फॉलोमध्ये क्षितिज सरळ राहतं. एफपीव्हीमध्ये ड्रोन वळताना कलतं तसं चित्रही कलतं, ते मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे. पडापडीत, घाईत, चिडून बोटं कुठेही लागतात आणि मोड बदलून बसतो. तो फॉलोवर आहे ना, एवढं बघायला दहा सेकंद लागतात. एका मित्राने याच कारणासाठी ड्रोन दुरुस्तीला टाकलं होतं, त्याचं नाव सांगत नाही. स्क्रीनवरची ग्रिडही याच वेळी सुरू करून ठेवा, पुढे लागणार आहे. आणि कंपास कॅलिब्रेशनच्या मागे लागू नका. कंपासला दिशा कळते, तोल नाही.

यानंतरची तयारी मोजमापाची, आणि ती सोडून पुढे जाऊ नका असं मी हात जोडून सांगेन. डोळ्याला क्षितिज तिरकं दिसतं, पण किती तिरकं आणि कधी तिरकं, हे समजल्याशिवाय दुरुस्ती कशाची करायची? समुद्र यात दयामाया दाखवत नाही. डोंगराच्या किंवा गावाच्या चित्रात एखादा अंश खपून जातो. पाण्याची रेघ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, आणि एक अंश कलला तरी ३८४० पिक्सेल रुंदीच्या फ्रेममध्ये डाव्या आणि उजव्या टोकाच्या उंचीत सुमारे ६७ पिक्सेलचा फरक पडतो. काकांना तो बरोबर दिसला.

घरात समुद्र नाही, पण ओळंबा आहे. गवंडी वापरतात तसला पितळी मिळाला तर उत्तम. नाही तर जाड काळ्या दोऱ्याला एक जड नट बांधून दाराच्या चौकटीतून सोडा आणि मागे पांढरी चादर लावा. टांगलेला दोरा खोटं बोलत नाही. चौकट बोलते, भिंतही बोलते. मी आधी दाराच्या चौकटीवर विश्वास ठेवला होता आणि अर्धा दिवस घालवला. चौकटच तिरकी बसवलेली निघाली. दोऱ्याचं हलणं थांबेपर्यंत पंखा बंद. दोरा फ्रेमच्या मधोमध येईल असं ड्रोन ठेवा, कारण कडेला लेन्स स्वतःच रेघा किंचित वाकवते.

ड्रोन कशावर ठेवायचं हेही ठरवावं लागतं. गच्ची नको, पाणी वाहून जायला तिला ढाळ दिलेला असतो. मोरीजवळची फरशी त्याच कारणाने नको. गाडीचं बोनेट तर कुणीही वापरू नये, ते गोलसर असतं आणि तापलेलंही. घरातलं जड टेबल घ्या, त्यावर पाणसळ ठेवा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत पायाखाली घडी केलेला पुठ्ठा सरकवा. पाणसळ तपासायची युक्ती जुनीच आहे: तीच जागा, पाणसळ उलट टोकाने फिरवून ठेवायची. बुडबुडा तिथेच राहिला तर पाणसळ खरी. मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅप चालेल, पण मोबाइलचं कव्हर काढून आणि हीच परीक्षा घेऊन. मिनीचं पोट जमिनीला फार जवळ असतं, म्हणून खाली दोन-तीन जाड वह्या ठेवा आणि कॅमेरा त्यांच्या कडेबाहेर मोकळा राहू द्या. गिंबलचं प्लास्टिक कव्हर चालू करण्याआधी काढलंय याची खात्री करा. ते विसरून चालू केल्यावर येणारी गिंबल ओव्हरलोडची सूचना बघून अनेकांच्या पोटात गोळा येतो.

आता चालू करा, पात्यांच्या मोटर मात्र सुरू करायच्या नाहीत. दोरा ग्रिडच्या उभ्या रेघेला समांतर आहे का बघा आणि फोटो घ्या. मग ड्रोनच्या डाव्या बाजूखाली एक पुस्तक सरकवा. धड कललं, तरी निरोगी गिंबल काही क्षणांत दोरा पुन्हा उभा दाखवतं. उजव्या बाजूनेही तेच. मग कॅमेऱ्याची मान अर्धी खाली, पुन्हा वर. प्रत्येक वेळी फोटो, आणि कागदावर एक ओळ. माझ्या कागदावर हे आलं: सपाट ठेवल्यावर थोडं तिरकं, डावीकडे उचललं तर तेवढंच, उजवीकडे उचललं की गिंबल अर्ध्यातच थांबतं आणि थरथरतं. मिनी २ च्या गिंबलला रोलच्या अक्षावर (डावी-उजवीकडे कलण्यासाठी) दोन्हीकडे ३५ अंशांची यांत्रिक मोकळीक आहे, पुस्तकाच्या जाडीने ती संपत नाही. एका बाजूला ती लवकर संपतेय याचा अर्थ सॉफ्टवेअरचं गणित नाही, धातू बिघडलाय.

हा कागद हातात असल्याशिवाय कॅलिब्रेशनचं बटण दाबायचं नाही, एवढं मी या सगळ्यातून शिकलो. सगळ्या स्थितींत तिरकेपणा सारखाच असेल आणि गिंबल गुळगुळीत फिरत असेल, तर सॉफ्टवेअरच्या हातात काहीतरी आहे. स्थितीप्रमाणे बदलत असेल, अडत असेल, तर कॅलिब्रेशन फक्त एका स्थितीपुरता दोष झाकतं आणि तुम्ही समाधानाने पुढच्या लग्नाची सुपारी घेता.

धातू बघायची तयारी म्हणजे दिवसाचा उजेड, भिंग आणि धडकेआधीचा तुमच्याच ड्रोनचा एखादा समोरून काढलेला फोटो. नसेल तर त्याच मॉडेलचं मित्राचं ड्रोन शेजारी ठेवा. बॅटरी काढून कॅमेरा बोटाने हळूच फिरवा, तिन्ही अक्षांवर. कुठे टोचतंय का, घासतंय का. कॅमेरा ज्या बारीक दांड्यांवर लटकतो त्या समोरून, बाजूने आणि खालून बघा. त्या नाजूक असतात आणि फार थोड्याशा वाकल्या तरी पुरतं. गिंबल ज्या छोट्या रबरांवर झुलतं ती सगळी आपापल्या भोकात आहेत का तेही मोजा. एक निसटलं तरी अख्खं बूड कलतं. गिंबल ते भरून काढायला बघतं, पण एका बाजूची मोकळीक त्यातच खर्ची पडते. माझं तेच झालं असेल अशी आशा होती, कारण रबर चिमट्याने परत ओढून बसवता येतं. चारही रबरं जागेवर होती. दांडी वाकली होती.

इथे थांबून ठरवायचं की घरी उघडायचं की द्यायचं. वॉरंटी किंवा विमा शिल्लक असेल तर उघडू नका, बात संपली. दुकानात देणार असाल तर तुमचा कागद आणि फोटो सोबत द्या, फक्त दांडी बदलणार की पूर्ण गिंबल हे लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग परत मागा. सुट्या भागांच्या बाबतीत एक गैरसमज ऐकू येतो, की त्यांच्याही आयातीवर बंदी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे दांडी, रबरं, पट्टी केबल मिळतात. फक्त मागवताना मॉडेल तंतोतंत जुळतंय का ते बघा. मिनी आणि मिनी २ बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, म्हणून आतलं सगळं एकच असेल असं धरून पैसे भरू नका.

घरी उघडणार असाल तर टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा. त्यावर पडलेला स्क्रू उडत नाही आणि दिसतो. बारीक फुलीचा आणि टॉर्क्सचा स्क्रूड्रायव्हर हवेत, टोक झिजलेले नकोत. स्क्रूंसाठी आमच्या घरचं इडलीपात्र मी पळवतो. प्रत्येक खळगा म्हणजे एक टप्पा, घड्याळाच्या दिशेने, आणि लांब-आखूड स्क्रू एकत्र होत नाहीत. (भोकं असलेली थाळी मात्र घेऊ नका.) प्रत्येक झाकण काढण्याआधी फोटो. पट्टी केबल कागदासारखी पातळ असते. तिचं कनेक्टरवरचं छोटं कुलूप नखाने उचलायचं, केबल ओढायची नाही. आणि वाकलेली दांडी पकडीने सरळ करायचा मोह झाला तर ती आधी ड्रोनवरून उतरवा. लावलेल्या अवस्थेत वाकवाल तर जोर मोटरच्या अक्षावर जातो. मी एकदा सरळ केली, जमली. तीच पुन्हा वाकली तर मी दुसऱ्यांदा हात लावणार नाही, बदलेन. मागे-पुढे वाकवलेली तार कुठे तुटते ते सगळ्यांना माहीत आहे.

जोडून झालं की मग कॅलिब्रेशन. ड्रोन थंड असू द्या. आधी आयएमयू (ड्रोनचा तोल आणि हालचाल मोजणारे सेन्सर), अ‍ॅप सांगेल त्या स्थितींत न धसमुसळता ठेवत, मग गिंबलचं ऑटो. त्या वेळात टेबलाला कुणी धक्का देऊ नये म्हणून मुलांना बाहेर पाठवा. ऑटोनंतरही दोरा केसभर कललेला दिसला तर गिंबलच्या मॅन्युअल कॅलिब्रेशनमध्ये थोडं थोडं सरकवून जुळवा. त्यानंतर पुस्तकाची परीक्षा पुन्हा, तोच कागद, शेजारचा रकाना.

पहिलं उड्डाण कुणाच्या लग्नात नाही. मोकळं मैदान, वारा नाही, तीन मीटर उंची. वाकलेली किंवा ओरखडलेली पाती आधीच बदललेली, ड्रोनच्या हातांच्या सांध्यांवर केसासारखी चीर नाही ना ते बघितलेलं. मिनिटभर जागच्या जागी, मग डावीकडे जोरात गिरकी आणि थांबून दहापर्यंत मोजा, उजवीकडे तसंच. दहा मिनिटांनी, यंत्र तापल्यावर, पुन्हा तेच. सगळं चित्रण ४के मध्ये, कारण दोन अंशांपर्यंत उरलेला तिरकेपणा एडिटिंगमध्ये फिरवून काढताना चित्र सुमारे सहा टक्के मोठं करावं लागतं, आणि शेवटचा व्हिडिओ १०८० मध्ये द्यायचा असेल तर ते कुणाला कळतही नाही.

मुरूडची ती क्लिप मी शेवटी तशीच फिरवून दिली. काकांनी ती दोनदा पाहिली, कप हातातच ठेवून.